अण्णांचा कोविड आणि सीबीसीचे रिपोर्ट

पुण्यात ताप आला की पहिला प्रश्न ठरलेला, प्लेटलेट किती आहेत? दर पावसाळ्यात डेंग्यू येतो ना, त्यामुळे घराघरात ही सवय लागलीय, प्लेटलेट कमी दिसल्या की पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगनफ्रूट सगळं सुरू. मी सिंहगड रोडच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या लॅबचा फोन दिवसभर वाजत असायचा आणि निम्म्या लोकांना तेवढंच हवं असायचं, ताई प्लेटलेट सांगा. मी सांगायचे की प्लेटलेट ठीक आहेत पण लिम्फोसाइट (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी झालेत, डॉक्टरांना आजच दाखवा, तर समोरून "पण प्लेटलेट नॉर्मल आहेत ना, मग झालं" म्हणून फोन ठेवून द्यायचे. जीव कासावीस व्हायचा. कारण कोविडमध्ये सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, दोन-अडीचशे रुपयांच्या त्या रिपोर्टात सगळ्यात आधी बोलायची ती लिम्फोसाइटची ओळ, आणि ती कुणी वाचतच नव्हतं. हे मी घरात माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत अगदी जवळून बघितलं म्हणून लिहितेय.

आधी थोडं सीबीसीबद्दल, ज्यांना माहितीय त्यांनी पुढे जा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतो, त्यात ईडीटीए असतं म्हणजे रक्त गोठत नाही, ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, मग मशीनला लावायची. मशीन हिमोग्लोबिन, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजून देतं आणि पांढऱ्या पेशींमध्ये कोण किती टक्के तेही देतं. मोठ्या माणसाच्या एकूण पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,०००, त्यात न्यूट्रोफिल ४० ते ७५ टक्के, लिम्फोसाइट २० ते ४० टक्के, बाकी मोनोसाइट, इओसिनोफिल वगैरे. लॅबनुसार रेंज थोडी इकडेतिकडे होते. न्यूट्रोफिल म्हणजे कुठेही इन्फेक्शन किंवा सूज आली की सगळ्यात आधी धावणाऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट म्हणजे व्हायरस ओळखून त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या टी पेशी, बी पेशी. साध्या व्हायरल तापात बऱ्याचदा लिम्फोसाइट टक्क्यांत वर गेलेले दिसतात, डेंग्यूतही एकूण पेशी कमी आणि लिम्फोसाइटची टक्केवारी वर असं चित्र पुष्कळदा येतं. कोविड ज्यांना जड जातो त्यांच्यात मात्र बरोबर उलटं होतं, लिम्फोसाइट खाली जातात आणि न्यूट्रोफिल वर.

हे जगाला पहिल्यापासून माहीत होतं. पुण्यात पहिले पेशंट ९ मार्च २०२० ला सापडले, नायडू हॉस्पिटलमध्ये ठेवले होते, त्याच्याही आधी फेब्रुवारीच्या शेवटी चीनमधल्या १,०९९ पेशंटचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. त्यात ॲडमिट होताना ८३.२ टक्के पेशंटचे लिम्फोसाइट कमी होते आणि प्लेटलेट कमी होत्या ३६.२ टक्क्यांच्या. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी हे दोन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या वर चिकटवले होते. मॅडम म्हणायच्या लोक प्लेटलेट विचारणार, आपण लिम्फोसाइट सांगायचे.

आता अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे सासरे, तेव्हा सदुसष्ट वर्षांचे, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, बीपीची गोळी चालू, शुगर नाही. कोविशिल्डचा पहिला डोस झाला होता, दुसऱ्याची तारीख यायची होती. एप्रिलच्या मध्यात, म्हणजे राज्य सरकारचे ब्रेक द चेनचे निर्बंध नुकते लागलेले तेव्हा, त्यांना ताप आणि अंगदुखी सुरू झाली, खोकला नावालाच. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. आमचे फॅमिली डॉक्टर फोनवर म्हणाले घरीच ठेवा, पॅरासिटामॉल द्या, ऑक्सिजन लिहून ठेवा आणि सीबीसी, सीआरपी (अंगात सूज किती आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. सॅम्पल मीच घेतलं, घरातच, पीपीई घालून. अण्णा हसत होते, म्हणाले "काय गं, घरात अंतराळवीर आणलाय".

पहिला रिपोर्ट: एकूण पांढऱ्या पेशी ५,२००, न्यूट्रोफिल ६६, लिम्फोसाइट २७, मोनोसाइट ६, इओसिनोफिल १, प्लेटलेट १.८२ लाख. काहीच बोलायला जागा नाही. पण मला इथेच सांगायचंय की सुरुवातीच्या दिवसांतल्या चांगल्या सीबीसीवर कुणी निर्धास्त होऊ नये, कारण कोविडमध्ये ज्यांना बिघडायचं असतं त्यांचं बहुतेकदा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी बिघडतं, आणि पहिला रिपोर्ट पुढच्या रिपोर्टाशी ताडून बघायला लागतो म्हणून करायचा असतो. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, दोन-तीन दिवसांनी परत काढा.

मधल्या काळात ताप उतरेना. अण्णा मात्र एकदम ठणठणीत असल्यासारखे, पेपर वाचतायत, आईंशी वाद घालतायत, बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९६. परत सॅम्पल घेतलं, लॅबमध्ये नेलं, मशीनला लावलं आणि स्क्रीनवर आलं: एकूण ४,१००, न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १७, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ०, प्लेटलेट १.४८ लाख.

वरवर बघितलं तर यात फार काही नाही. एकूण पेशी रेंजमध्ये, प्लेटलेट दीड लाखाच्या किंचित खाली, न्यूट्रोफिल जरा जास्त, लिम्फोसाइट "थोडे कमी". नवऱ्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला सतराच तर आहेत, वीसपासून नॉर्मल धरतात ना, तीनचाच फरक आहे. इथेच सगळ्यांची गफलत होते. टक्केवारी नुसती बघून उपयोग नाही, तिला एकूण पेशींनी गुणायचं. पहिल्या रिपोर्टात ५,२०० चे २७ टक्के म्हणजे १,४०४ लिम्फोसाइट, आता ४,१०० चे १७ टक्के म्हणजे ६९७. थेट निम्म्यावर. याला ॲब्सोल्यूट लिम्फोसाइट काउंट म्हणतात, मोठ्या माणसात तो हजाराच्या खाली गेला की कमी समजतात. म्हणजे टक्क्यांत तीनचा फरक दिसत होता आणि प्रत्यक्षात व्हायरसशी लढणारी निम्मी फौज दोन-तीन दिवसांत रक्तातून गायब झाली होती.

दुसरा आकडा म्हणजे न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं, एनएलआर. धडधाकट माणसात तो साधारण एक ते तीनच्या मध्ये असतो. अण्णांचा आधी ६६ भागिले २७ म्हणजे २.४ होता, आता ७८ भागिले १७, जवळजवळ ४.६. बीजिंगच्या डॉक्टरांनी २०२० मध्येच मांडलं होतं की वय पन्नासच्या पुढे आणि एनएलआर ३.१३ च्या वर असेल तर पेशंट गंभीर होण्याची शक्यता बरीच जास्त, त्याला लवकर मोठ्या हॉस्पिटलच्या सोयी मिळायला हव्यात. तो अभ्यास छोटा होता, साठ-एकसष्ट पेशंटचा, म्हणून ३.१३ ला देवाची रेघ समजू नये, नंतरच्या अभ्यासांत वेगवेगळे आकडे आले, पण दिशा सगळीकडे तीच निघाली.

मी स्लाइड केली. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेने ओढून पातळ थर, वाळवून लीशमन स्टेन, मग शंभरच्या लेन्सखाली तेल टाकून बघायचं. एरवी चार फील्ड सरकवली की एखाददुसरा लिम्फोसाइट भेटतोच, तो छोटा गोल, गडद जांभळा, पटकन ओळखू येतो. त्या दिवशी शोधावा लागत होता. आणि जे सापडत होते त्यातले काही नेहमीपेक्षा मोठे, कडेला गडद निळा पसारा, शेजारच्या लाल पेशींच्या कडेने पसरलेले, रिॲक्टिव्ह म्हणतो आम्ही, असे त्या महिन्यात बऱ्याच कोविड पेशंटमध्ये दिसत होते. न्यूट्रोफिलमध्ये जाड जाड दाणे आलेले, आणि मधूनमधून बँड, म्हणजे अजून पूर्ण तयार न झालेले न्यूट्रोफिल, ज्यांचं केंद्रक घोड्याच्या नालेसारखं असतं. बोनमॅरो, म्हणजे हाडांतला मगज जिथे रक्तपेशी तयार होतात, घाईघाईने अर्धवट पेशी बाहेर सोडायला लागली की हे दिसतात. इओसिनोफिल आख्ख्या स्लाइडवर एक नाही. मॅडमनी स्वतः येऊन बघितलं, सीआरपी ६४ आला होता तोही बघितला (आमच्याकडे सहाच्या खाली नॉर्मल) आणि म्हणाल्या, "अण्णांना आत्ता चालायला लाव."

सहा मिनिटं चालण्याची टेस्ट. तेव्हा राज्य सरकारही सगळीकडे सांगत होतं, घरातल्या घरात सहा मिनिटं सपाट जागेवर चालायचं आणि आधी-नंतर ऑक्सिजन बघायचा, ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त उतरला तर घरी बसायचं नाही. अण्णा हॉल ते गॅलरी चालले, "मला काही होत नाहीये, तू उगाच सगळ्यांना घाबरवू नकोस" हे म्हणत म्हणतच चालले, आणि ९६ चे ९१ झाले. धाप अजिबात नाही. हीच कोविडची भयंकर गोष्ट होती, माणूस गप्पा मारतोय आणि आत ऑक्सिजन उतरतोय.

बेड कसा मिळाला ते सगळं लिहीत बसत नाही, त्या दिवसांत पुण्यात ज्यांनी बेड शोधलाय त्यांना माहितीय. महापालिकेच्या डॅशबोर्डवर हिरवं दिसायचं, फोन करेपर्यंत भरलेलं असायचं. शेवटी रात्री एका छोट्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन बेड मिळाला. एचआरसीटी, म्हणजे छातीच्या स्कॅनवरून फुफ्फुसं किती बाधित आहेत ते सांगणारा स्कोअर, पंचवीसपैकी अकरा. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम रोज आणि रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन सुरू केलं. मला आजही वाटतं की एक-दोन दिवस अजून घरी काढले असते तर वेगळं झालं असतं, आणि ते दिवस त्या ६९७ च्या आकड्याने वाचवले.

लिम्फोसाइट जातात कुठे, असं नवऱ्याने तेव्हा विचारलं होतं. मॅडमनी समजावलं ते असं की बऱ्याच पेशी फुफ्फुसात, जिथे लढाई चालू आहे तिकडे जातात, म्हणून रक्तात कमी दिसतात, बऱ्याच सायटोकाइनच्या (पेशींनी सोडलेल्या, सूज वाढवणाऱ्या रसायनांच्या) माऱ्यात मरतात, आणि नव्या तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत. दुसरीकडे न्यूट्रोफिल वाढत राहतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या पदार्थांनी फुफ्फुसाचंच नुकसान होतं, रक्ताच्या बारीक गुठळ्या व्हायलाही मदत होते. म्हणून या दोघांचं गुणोत्तर बघायचं, एकात लढणारे किती उरले ते कळतं आणि दुसऱ्यात आग किती लागलीय ते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे मी लोकांना रडताना बघितलंय. ॲडमिट झाल्यावर दोन दिवसांनी हॉस्पिटलने काढलेला सीबीसी आला: एकूण ११,८००, न्यूट्रोफिल ९०, लिम्फोसाइट ७, मोनोसाइट ३, इओसिनोफिल ०. एनएलआर जवळपास १३. नवऱ्याने एव्हाना भागाकार शिकून घेतला होता, त्याने आकडा काढला आणि त्याचा चेहराच उतरला, म्हणाला चारचे तेरा झाले म्हणजे अण्णा हातचे चाललेत का. नाही. स्टेरॉइड सुरू झालं की हे होतंच. एरवी बरेच न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात, ते मोजणीत येत नाहीत, स्टेरॉइडने ते सुटून प्रवाहात येतात, बोनमॅरोमधूनही जास्त बाहेर पडतात, आणि लिम्फोसाइट उलट रक्तातून बाहेर सरकतात. काही तासांत फरक दिसायला लागतो. त्यामुळे स्टेरॉइडच्या आधीचा एनएलआर आणि नंतरचा एनएलआर यांची तुलनाच करायची नाही. मी त्याला कागदावर करून दाखवलं, ११,८०० चे ७ टक्के म्हणजे ८२६. टक्केवारी १७ वरून ७ वर आली तरी प्रत्यक्ष लिम्फोसाइट ६९७ वरून ८२६ झालेत, तेही स्टेरॉइड त्यांना खाली ओढत असताना. सीआरपी ६४ चा ३१ झालाय, ऑक्सिजन लिटरमध्ये कमी लागतोय, ताप नाही. चित्र सुधारण्याचं आहे. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी संध्याकाळच्या फोनवर शब्दशः हेच सांगितलं तेव्हा कुठे तो जेवला.

आमच्याच लॅबमध्ये त्या दिवसांत अशी कितीतरी माणसं यायची ज्यांनी व्हॉट्सॲपवर फिरणारं प्रिस्क्रिप्शन बघून तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केलेल्या असायच्या. त्यांचे काउंट बघून काहीच सांगता येत नाही, पेशी आजाराने वाढल्यात का गोळीने हे कळायला मार्ग नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या गोळीचा त्यांना उपयोगही नसतो. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांमधले एक पंचमांशाने कमी होतात, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना फायदा दिसला नाही. वर शुगर वाढते ती वेगळीच. म्हणून सॅम्पल घेताना मी प्रत्येकाला विचारायचे, कुठली गोळी चालू आहे, पाकीट दाखवा. रिपोर्टवर तसं लिहून द्यायचे. माझ्या मते कोविडच्या सीबीसीवर ही एक ओळ पेशींच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

आणि आकडा हा निकाल नसतो हेही तेवढंच खरं. वडगावचा एक तरुण मुलगा होता, ॲब्सोल्यूट लिम्फोसाइट आठशेच्या आसपास, घरीच राहिला, डॉक्टर रोज फोन करत होते, चालून ऑक्सिजन ९७ च्या खाली कधी गेला नाही, बरा झाला. त्याच आठवड्यात एक काकू आल्या होत्या ज्यांचा काउंट जवळपास नॉर्मल होता आणि तीन दिवसांत आयसीयूत गेल्या. ज्यांना आधीपासून रक्ताचा काही आजार आहे, केमो चालू आहे, गरोदरपण आहे, त्यांचे आकडे मुळातच वेगळे असतात, गरोदर बाईचे न्यूट्रोफिल एरवीही जास्तच असतात, त्यांना हे भागाकार जसेच्या तसे लावायचे नाहीत. बोटातून पिळून काढलेलं किंवा ट्यूबमध्ये गुठळी झालेलं सॅम्पल असेल तर प्लेटलेट खोट्या कमी येतात, मग घरचे उगाच धावपळ करतात, अशा वेळी आम्ही स्लाइड बघून खात्री करतो किंवा सरळ परत सॅम्पल मागतो, लोक चिडतात पण मागतो.

अण्णांचा ऑक्सिजन हळूहळू सुटला. घरी आले तेव्हा चालताना थकायचे, शुगर स्टेरॉइडने वाढली होती ती रोज तपासायला सांगितली होती, आणि तेव्हा म्युकरची (काळ्या बुरशीच्या आजाराची) इतकी भीती होती की आई सकाळ-संध्याकाळ त्यांना विचारायच्या गाल दुखतोय का, नाक चोंदलंय का, डोळ्यापाशी सूज आहे का. स्टेरॉइड थांबल्यावर काही दिवसांनी मी घरी सॅम्पल घेतलं: एकूण ९,४००, न्यूट्रोफिल ७४, लिम्फोसाइट १९, मोनोसाइट ६, इओसिनोफिल १, प्लेटलेट ३.१ लाख. टक्क्यांत बघाल तर लिम्फोसाइट अजून "कमी"च, १९. गुणून बघाल तर १,७८६, म्हणजे आजारी पडले तेव्हाच्या पहिल्या रिपोर्टापेक्षाही जास्त. स्लाइडवर एक इओसिनोफिल दिसला, दोन पाकळ्यांचा, केशरी दाण्यांनी भरलेला, मी मॅडमना हाक मारून दाखवला. कोविडमध्ये इओसिनोफिल शून्यावर जाणं आणि बरं होताना परत दिसायला लागणं हे आम्ही त्या काळात सारखं बघत होतो, अर्थात स्टेरॉइडनेही ते शून्य होतात त्यामुळे ते बंद झाल्यावरच त्याला काही अर्थ.

अण्णांनी रिपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, "प्लेटलेट किती?"

मी सांगितलं, ३.१ लाख. आणि मग समोर बसवून लिम्फोसाइटचा गुणाकार त्यांच्याकडूनच करून घेतला, वर्कशॉपमधले असल्याने हिशोबाला पक्के आहेत, पेन्सिलने रिपोर्टच्या कडेला करून ठेवलाय त्यांनी. मे महिन्यात मॅडमनी आमच्या लॅबच्या रिपोर्टचा नमुना बदलून घेतला, आता टक्केवारीच्या शेजारी ॲब्सोल्यूट काउंट छापूनच येतो आणि हजाराच्या खाली असेल तर त्याला ठळक करतो, फोनवर रिपोर्ट सांगायचा झाला तरी मी तीच ओळ पहिली वाचते, प्लेटलेट नंतर.